रेल्वे फाटकावरच्या पाट्या आणि इशारे नेमके कसे वाचायचे?

प्रश्नकर्त्याने विचारलेलं थोडक्यात असं: लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी चिन्हं पाठ करताना रेल्वेच्या दोन त्रिकोणी पाट्या कायम उलटसुलट होतात. लायसन्स मिळालं की वडिलांचा पिकअप चालवायचा आहे आणि रोजच्या वाटेवर एक फाटक लागतं. ते गाडी यायच्या आधी आठ-दहा मिनिटं बंद का करतात? उघडं असेल तर थांबायची गरज आहे का? आणि आपण मध्ये असताना बूम, म्हणजे फाटकाचा आडवा दांडा, खाली यायला लागला तर काय करायचं?

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली आणि त्यातला बराच काळ फाटकांची देखभाल करण्यात गेला. त्यामुळे उत्तर रस्त्याच्या बाजूने कमी आणि रुळाच्या बाजूने जास्त येईल. पण माझ्या मते त्याचाच उपयोग होईल. पाट्यांचे अर्थ कोणत्याही गाईडमध्ये मिळतात. फाटकाच्या त्या बाजूला काय चाललेलं असतं हे कळलं, की तुमचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी परीक्षेपुरतं उरकून टाकू. दोन्ही पाट्या लाल काठाच्या त्रिकोणी, म्हणजे सावधगिरीच्या. ज्यात कुंपणासारखं फाटक काढलंय ती रक्षक असलेल्या क्रॉसिंगची. ज्यात जुन्या पद्धतीचं वाफेचं इंजिन काढलंय ती विनारक्षक क्रॉसिंगची. गोंधळ होतो तो इथेच, कारण इंजिन दिसलं की 'पुढे रेल्वे आहे' एवढंच डोक्यात येतं. त्यापेक्षा असं लक्षात ठेवा: फाटक काढलंय म्हणजे तिथे फाटक आणि माणूस आहे, नुसतं इंजिन काढलंय म्हणजे तिथे फक्त इंजिनच येणार, अडवायला कोणी नाही. पाटीखालच्या तिरक्या लाल पट्ट्या अंतर सांगतात. दोन पट्ट्या म्हणजे क्रॉसिंग सुमारे 200 मीटरवर, एक पट्टी म्हणजे 50 ते 100 मीटरवर. पट्ट्या कमी होत गेल्या की तुम्ही जवळ आलात.

एवढ्यावर परीक्षेचे गुण मिळतील. रस्त्यावर मात्र पाटी बघून स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. गाडी येतेय की नाही हे बघायची जबाबदारी इथे कोणाची आहे? फाटकाची पाटी सांगते की दुसरं कोणीतरी बघतंय, तुम्ही त्याला साथ द्या. इंजिनाची पाटी सांगते की सगळं तुमच्यावर आहे. माझ्या बघण्यातले बहुतेक घोटाळे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे झालेले आहेत.

विनारक्षक क्रॉसिंग आता उरलीत कुठे, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांच्या मार्गांवरची, सगळी विनारक्षक क्रॉसिंग जानेवारी 2019 अखेर बंद झाली. कुठे भुयारी मार्ग केला, कुठे माणूस नेमला, कुठे रस्ताच वळवला. पण कारखान्यांच्या, बंदरांच्या, वीज केंद्रांच्या सायडिंगवर, म्हणजे मालासाठी आत नेलेल्या फाट्यांवर, आणि छोट्या गेजच्या मार्गांवर अशी जागा अजूनही भेटू शकते, आणि पिकअप घेऊन मालाच्या मागे फिरणाऱ्या माणसाला ती हमखास भेटते. सायडिंगवर गाडी दिवसातून एखादी येते, म्हणून लोक बघतच नाहीत. तिथे वॅगन मागून ढकलत आणण्याचं कामही चालतं, म्हणजे इंजिन पलीकडच्या टोकाला आणि तुमच्याकडे येतोय तो बिनदिव्याचा वॅगन.

अशा क्रॉसिंगसाठी मोटार वाहन कायद्याचं 131 वं कलम आहे, आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा कडक आहे. वाहन थांबवायचं, बरोबरच्या क्लीनरने किंवा दुसऱ्या कोणी उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडून गाडी किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची आणि मग पुढे राहून वाहन पलीकडे घ्यायचं. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. काच खाली करून डोकं बाहेर काढलं की झालं, असं कायदा म्हणत नाही. शिवाय निष्काळजीपणे ओलांडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम 161 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. 26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची व्हॅन विनारक्षक क्रॉसिंगवर रेल्वेखाली सापडली, तेव्हा चालकाच्या कानात इअरफोन होते असं बातम्यांत आलं होतं. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा खाली. रुळापाशी कान हे डोळ्यांइतकेच लागतात.

आता तुमच्या रोजच्या फाटकाकडे येऊ. गेटमनची खोली, आम्ही तिला गुमटी म्हणतो, तिच्यात तुम्ही कधी डोकावला असाल तर एक फोन, हिरवे-लाल झेंडे, हातदिवा आणि बाहेर बूम वर-खाली करायचा विंच दिसला असेल. फाटकं मुख्यतः दोन तऱ्हेची असतात आणि बाहेरून बघून फरक सहज कळत नाही.

एक, इंटरलॉक नसलेलं फाटक. इथे सगळं फोनवर चालतं. स्टेशन मास्तर गेटमनला सांगतो की अमुक गाडी सोडायची आहे. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मग स्टेशनला एक प्रायव्हेट नंबर देतो. हे नंबर छापील कागदावर असतात, एक वापरला की तो खोडायचा आणि वहीत गाडीच्या नावापुढे लिहायचा. तो नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद झालं असं स्टेशन मास्तर मानतो. गाडी तिकडच्या स्टेशनातून निघण्याआधीच हा व्यवहार पुरा झालेला असतो. ते स्टेशन आठ किलोमीटरवर असेल आणि गाडी ताशी 60 ने येत असेल, तर आठ मिनिटं तिथेच गेली. मालगाडी असेल तर त्याहून जास्त. तुमच्या 'आठ-दहा मिनिटं का' याचं हे एक उत्तर.

दुसरं, इंटरलॉक केलेलं. इथे फाटक आणि रेल्वेचा सिग्नल एकमेकांत अडकवलेले असतात. बूम पूर्ण खाली बसून लॉक झाल्याशिवाय किल्ली निघत नाही, ती किल्ली योग्य पेटीत जाऊन फिरल्याशिवाय सिग्नलला मंजुरी जात नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत ती किल्ली परत येत नाही. काही फाटकांवर किल्लीऐवजी बटणं आणि मोटर आहे, तत्त्व तेच. थोडक्यात, फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा होऊच शकत नाही.

मग इथेही इतका वेळ का? कारण रेल्वे झटकन थांबत नाही. शंभरच्या वेगातली गाडी थांबायला एक किलोमीटर किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणून फाटकाच्या सिग्नलच्या आधी किलोमीटरभर अंतरावर एक पूर्वसूचना देणारा सिग्नल असतो, वेगवान मार्गांवर दोन किलोमीटरवर आणखी एक. लोको पायलटला, म्हणजे रेल्वेच्या चालकाला, तो पहिला सिग्नल लांबून दिसण्याआधी फाटक बंद असायला हवं. नाहीतर तो पिवळा बघून ब्रेक लावतो आणि मागची सगळी वाहतूक ढेपाळते. म्हणजे गाडी तीन किलोमीटरवर असताना तुमचं फाटक लागलेलं असणं भाग आहे. ताशी 100 ने ते अंतर पावणेदोन मिनिटांचं, 50 ने साडेतीन मिनिटांचं. त्यात फाटक लावायला लागणारा वेळ मिळवा, जो बहुतेक वेळा रस्त्यावरचे लोकच वाढवतात.

हे इतकं सविस्तर सांगितलं त्याला कारण आहे. गेटमनशी हुज्जत घालणारे लोक समजतात की तो आळशीपणा करतोय किंवा मुद्दाम अडवतोय. "गाडी दिसत पण नाही, उघड की जरा" हे वाक्य प्रत्येक गेटमनने आयुष्यभर ऐकलेलं असतं. इंटरलॉक फाटकात त्याच्या हातात ते नसतं. उघडायचं तर आधी दिलेला सिग्नल परत लाल करायचा, त्याची ठरावीक वेळ जाऊ द्यायची आणि मगच किल्ली सुटते. आणि दुसरी बाजू अशी की गर्दीमुळे फाटक लागलंच नाही तर गाडी लाल सिग्नलला उभी राहते. त्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या चकतीवर काळं इंग्रजी 'G' अक्षर असतं. लोको पायलट तिथे शिट्टी देतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबतो, आणि मग अगदी हळू, फाटकापर्यंत येतो. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांनी दिवा स्टेशनजवळच्या फाटकाचं नाव वर्षानुवर्षं याच कारणासाठी ऐकलंय: रस्त्यावरची कोंडी फाटक लागू देत नाही आणि मागे लोकलची रांग लागते.

उघडं फाटक असेल तर थांबायचं का? सिग्नलवाला म्हणून माझी प्रवृत्ती 'इंटरलॉक असेल तर काळजी नको' असं म्हणायची आहे. पण तुम्हाला रस्त्यावरून ते इंटरलॉक आहे की नाही कळत नाही. 8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पमजवळ शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली. फाटक रक्षक असलेलं होतं, पण इंटरलॉक नव्हतं. फोन आणि नंबरांवर चालणाऱ्या व्यवस्थेत दोन माणसं असतात आणि माणसं चुकतात. त्या अपघातानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची वर्दळीची अट 20,000 टीव्हीयूवरून 10,000 वर आणायचं ठरवलं, म्हणजे आणखी फाटकं इंटरलॉक होतील. टीव्हीयू म्हणजे दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, असा तो हिशोब. तोवर माझा सल्ला सरळ आहे. उघड्या फाटकावर पूर्ण थांबायची सक्ती नाही, पण वेग इतका कमी करा की रुळाच्या आधी थांबता येईल, आणि दोन्हीकडे मान वळवून बघा. रात्री आणि धुक्यात, किंवा रूळ वळणावर असतील तर, एक क्षण थांबाच. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

बघताना एक फसवणूक होते ती सांगतो. दुरून येणारी रेल्वे हळू वाटते. यावर हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये रेल्वे क्रॉसिंगच्याच संदर्भात लिहिलं होतं: वस्तू जितकी मोठी, तितका तिचा वेग आपल्याला कमी भासतो. त्यात तुम्ही रुळाच्या जवळ उभे असता, गाडी जवळपास समोरून येते, आडवी सरकताना दिसत नाही, नुसती मोठी होत जाते. शेवटच्या काही सेकंदांत ती एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.

आता शिट्टीचा हिशोब बघा. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, म्हणजे सीटी, फाटक. ती पाटी रस्त्याच्या माणसासाठी नसून लोको पायलटसाठी असते आणि साधारणपणे क्रॉसिंगच्या 600 मीटर आधी लावतात. ताशी 100 ने येणारी गाडी ते अंतर 22 सेकंदांत कापते. समजा तुम्ही उसाचा ट्रॅक्टर घेऊन उभे आहात, दोन ट्रॉल्या धरून लांबी पंधरा मीटर, आणि दोन मार्गांची ओलांडायची जागा वीस मीटर. शेवटची ट्रॉली बाहेर पडेपर्यंत पस्तीस मीटर जायचंय. भरलेला ट्रॅक्टर चढावर ताशी 5 ने निघाला तर त्याला 25 सेकंद लागतात. म्हणजे निघताना शिट्टी ऐकू आली नव्हती, तरी मधोमध असताना गाडी दारात. पिकअपचं हे गणित बरंच सोपं आहे, पण भरलेला पिकअप, चढ आणि समोर अडकलेली रिक्षा एकत्र आली की तेही बिघडतं.

डबल लाइनवर एक गाडी गेली आणि बूम उठला नाही, तर तो बिघडलाय असं समजू नका. दुसऱ्या मार्गावरून गाडी येत असते आणि पहिल्या गाडीचे डबे तिला झाकतात, तिचा आवाजही पहिलीच्या आवाजात बुडतो. बूमखालून वाकून जाणारे, दुचाकी आडवी करून खालून सरकवणारे अडकतात ते या क्षणी. बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम 160 खाली तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण त्या क्षणी कायदा कोणालाच आठवत नाही. दुसरी गाडी आठवली तर पुरे.

काही फाटकांवर लाल लुकलुकते दिवे आणि हूटर असतो. क्रम असा: दिवे आणि हूटर सुरू, मग थोड्या वेळाने बूम खाली. तो मधला वेळ आत असलेल्या वाहनाला बाहेर पडण्यासाठी दिलेला असतो, बाहेरच्याला आत घुसण्यासाठी नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. हूटर ऐकला की लोक गाडी दामटतात. गेटमन बूम अर्धा खाली आणून थांबलेला, खालून एकामागे एक मोटरसायकली चाललेल्या, असं दृश्य तुम्ही पाहिलंच असेल. त्याला विंच थांबवावा लागतो, नाहीतर बूम डोक्यावर बसेल. तीन मिनिटं वाचवायला घुसलेले पंधरा जण मिळून मागच्या सगळ्यांना पाच मिनिटं जास्त थांबवतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही आत असताना बूम खाली यायला लागला, तर पुढे जा. रुळावर थांबू नका आणि रिव्हर्स घेऊ नका. मागे बहुतेक वेळा दुसरं वाहन चिकटलेलं असतं. पुढचा बूम खाली आला असेल आणि तुम्ही दोन बूमच्या मध्ये अडकला असाल, तर आधी हॉर्न वाजवा, गेटमन बघत असतो आणि तुम्ही आत असताना तो सहसा फाटक लॉक करत नाही. गाडी दिसत असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर बूमला धडकून बाहेर पडा. बूम मोडतो, जीव वाचतो. मात्र मोडून पळून जाऊ नका, थांबून गेटमनला सांगा. मोडलेल्या बूमने पुढच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. गेटमनला आडवा सरकणारा जादा बूम किंवा साखळ्या लावून रस्ता अडवावा लागतो, स्टेशनला कळवावं लागतं, दुरुस्तीसाठी आमच्यासारख्याला बोलवावं लागतं. हे सगळं त्याला गाडी जवळ यायच्या आत करायचं असतं.

वाहनच बंद पडलं तर पहिलं काम, माणसं खाली. इंजिन सुरू करण्यात वेळ घालवण्याआधी. मग गेटमनकडे एकाने धावायचं. त्याच्याकडे स्टेशनचा फोन आहे, तो सिग्नल लाल करवू शकतो, लाल झेंडा किंवा रात्री लाल दिवा घेऊन रुळावरून पुढे जाऊन गाडीला थांबवायचं आणि रुळावर आवाज करणारे डिटोनेटर ठेवायचं त्याचं प्रशिक्षण असतं. गेटमन नसलेल्या ठिकाणी 139 वर फोन करा आणि जागा सांगा. फाटकावर क्रॉसिंगचा क्रमांक लिहिलेला असतो. विजेच्या मार्गावर रुळाशेजारच्या खांबांवर 123/14 असे आकडे असतात, त्यातला पहिला किलोमीटर. 'अमुक गावाजवळचं फाटक' यापेक्षा हा आकडा कंट्रोलला पटकन कळतो. आणि उतरलेल्या माणसांनी लांब उभं राहायचं ते गाडी ज्या बाजूने येतेय त्या दिशेला, रुळापासून दूर तिरकं. धडक बसली तर वाहनाचे तुकडे गाडीच्या जाण्याच्या दिशेला उडतात.

हे सगळं टाळणारी एक साधी गोष्ट आहे आणि ती कोणत्याच पाटीवर नाही. पलीकडे तुमच्या वाहनाला पूर्ण जागा दिसल्याशिवाय रुळावर चढू नका. फाटक बंद असताना आपल्याकडे दोन्ही बाजूंना लोक दोन्ही लेन भरून उभे राहतात. फाटक उघडलं की दोन भिंती एकमेकांसमोर येतात आणि कोंडी नेमकी रुळावर होते. पुढच्याच्या बंपरला चिकटून नका धावू. त्याला पलीकडे जाऊ द्या, मग निघा. चुकीच्या लेनमध्ये पुढे जाऊन उभं राहणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

रुळावर गिअर बदलू नका. आधीच खालच्या गिअरमध्ये टाकून एका दमात जा. दुचाकी चालवत असाल तर रूळ सरळ काटकोनात ओलांडा. रस्ता तिरका जात असेल तर थोडी जागा घेऊन चाक सरळ करून घ्या. रुळाच्या आतल्या बाजूला रेल्वेच्या चाकासाठी पाच-साडेपाच सेंटिमीटरची खाच सोडलेली असते, बारीक टायर तिरका आला की त्यात बसतो. पावसात रूळ साबणासारखा असतो, त्यावर ब्रेक मारू नका.

परदेशात गाडी चालवणाऱ्या एकाने तिथल्या फाटकांबद्दल विचारलंय म्हणून त्याच्यापुरतं: अमेरिकेत पांढरी फुलीच्या आकाराची पाटी असते, तिचा अर्थ रेल्वेला आधी वाट द्या. दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकले की थांबायचं. ते गाडी येण्याआधी किमान 20 सेकंद सुरू होतात, म्हणजे आपल्यासारखी आठ मिनिटांची उसंत तिथे नाही. वाहन अडकलं तर क्रॉसिंगवर निळी पाटी शोधा, तिच्यावर रेल्वेचा फोन आणि क्रॉसिंगचा क्रमांक असतो.

शेवटी तुमच्या पिकअपसाठी खास. विजेच्या मार्गावरच्या फाटकाआधी रस्त्यावर दोन खांब आणि आडवी दांडी अशी कमान दिसते, तिला हाइट गेज म्हणतात. बरेचजण तिला उंच वाहन अडवायची कटकट समजतात. ती दांडी त्या पलीकडच्या ओव्हरहेड वायरसाठी आहे. त्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि तारेला स्पर्श न होताही, नुसतं जवळ गेल्यावर झटका बसू शकतो. नुसता पिकअप कमानीखालून आरामात जातो. कडबा, कापसाच्या गाठी, मंडपाचे बांबू किंवा पाइप लादले की प्रश्न येतो, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे लादलेल्या मालावर बसलेला माणूस. कमानीला माल घासला तर पुढे जाऊ नका, 'जरा वाकून बस' असंही वर बसलेल्याला सांगू नका. बाजूला घ्या, माल उतरवून उंची कमी करा. आणि वर कोणी बसलं असेल तर माल घासला नाही तरी त्याला कमानीच्या आधी खाली उतरवून चालत पलीकडे पाठवा, तिथून परत घ्या. ओला बांबू हातात उभा धरून रूळ ओलांडणाऱ्या पायी माणसालाही त्या तारेचा हाच धोका आहे.